साखरेच्या अंगरख्यातलं लोखंड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडाचा कण आहे. लोखंड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गंजका खिळा नाहीतर मोडकी कढई येईल. तसा मी नाही. मी इतका लहान आहे, की तुमच्या डोक्यावरचा एक केस आडवा धरला तर त्याच्या रुंदीत माझ्यासारखे हजारभर जण खांद्याला खांदा लावून उभे राहतील. म्हणजे राहू शकतील, राहणार नाहीत. खांद्याला खांदा लावायचा नाही, असंच आम्हाला घडवलेलं आहे. ते का, हे आजवर मला कोणी विचारलं नाही. म्हणून आज मीच सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका डोंगराळ देशाच्या राजधानीत, बिश्केक शहरातल्या एका प्रयोगशाळेत झाला. तिथे नुरिला एजे काम करायच्या. एजे म्हणजे आमच्याकडे ताई. मोठ्या हाडापेराची, तोंडाने फटकळ बाई, पण हात असा हलका की काचेवर काच ठेवली तरी आवाज यायचा नाही. त्यांनी पाण्यात लोखंडाचे दोन तऱ्हेचे क्षार विरघळवले, पाणी तापवलं आणि ढवळता ढवळता त्यात अमोनियाचे थेंब सोडले. पिवळट पाणी बघता बघता काळंभोर झालं. त्या काळ्यात मी होतो.

डोळे उघडले तर चहूकडे माझेच भाऊ. लोखंडाला लोखंडाची ओढ असते. आम्ही एकमेकांकडे धावलो.

"चिकटा, चिकटा," नुरिला एजे भांड्यात बघत म्हणाल्या. "असेच गोळे होऊन शिरेत जा आणि माणूस मारा."

त्यांनी लगेच भांड्यात दुसरं एक पाणी ओतलं. त्यात साखरेच्या लांबच लांब साखळ्या होत्या. काही सूक्ष्म जीव साखर खाऊन अशा साखळ्या विणतात. शाळेच्या पुस्तकात त्याला बहुवारिक म्हणतात. त्या साखळ्या आमच्या अंगाभोवती गुंडाळल्या गेल्या. थंडीत माणसं घालतात तसा जाड, मऊ अंगरखा प्रत्येकाच्या अंगावर चढला. आता आम्ही पाण्यात सुखाने तरंगू शकत होतो. तळाला गाळ होऊन बसणार नव्हतो, रक्तात गोळा होणार नव्हतो. पण भावाच्या जवळ गेलं की त्याचा अंगरखा माझ्या अंगरख्याला टेकायचा, आणि दोघंही मागे सरायचो. आत लोखंड, बाहेर लोखंड, मधे गोडवा. त्या दिवसापासून मी कोणाला शिवलो नाही.

आमचं काम काय, ते आता ऐका. रुग्णालयात एमआरआय नावाचं यंत्र असतं. ते म्हणजे एक भलंमोठं चुंबक. माणसाच्या अंगातल्या पाण्यावरून ते आतलं चित्र काढतं. पण त्या चित्रात भलं आणि बुरं कधी कधी सारखंच दिसतं. तेव्हा आम्हाला शिरेतून आत सोडतात. यकृतात पहारेकरी पेशी असतात. रक्तातून काहीही परकं आलं की त्या त्याला गिळून टाकतात. त्या आम्हाला गिळतात, आणि आम्ही जिथे जाऊन बसू तिथलं चित्र काळं पडतं. गाठीच्या ठिकाणी मात्र पहारेकरी नसतात. तिथे आम्हाला कोणी घेत नाही, तेवढा भाग पांढरा राहतो. बाकीची औषधं उजेड पाडतात म्हणे. आम्ही अंधार पाडतो. जिथे आम्हाला दार उघडत नाही, तिथे दुखणं आहे असं समजायचं.

आम्हाला छोट्या बाटल्यांत भरलं. शेवटची बाटली अर्धीच भरली. त्या अर्ध्या बाटलीत मी होतो. नुरिला एजेंनी ती उजेडापुढे धरली आणि म्हणाल्या, "तू राहा माझ्यापाशी. नमुना म्हणून."

घाणा शिजला की त्यातली एक बाटली मागे ठेवायची, अशी पद्धत असते. पुढे कोणा आजाऱ्याला काही त्रास झाला तर तिच्यावरून तपास करता येतो. म्हणजे तिचा उपयोग फक्त वाईट घडलं तर. भरलेल्या बाटल्या डोंगरातल्या रुग्णालयांकडे निघून गेल्या. भाऊ कामाला लागले. त्यांनी काढलेली चित्रं एजेंच्या भिंतीवर लागायची, भेटायला आलेले लोक ती बघून "वा, वा" करायचे. मी कपाटात होतो. कपाटाला दार होतं आणि दाराला फट नव्हती. उन्हाळा गेला तो मला एजेंच्या शिंकांवरून कळला, आणि हिवाळा आला तो शेगडी लावल्याच्या आवाजावरून. बाटलीत माझ्याबरोबर अब्जावधी भाऊ होते. सगळे अंगरखे घालून, एकमेकांपासून हातभर दूर, गप्प.

मग एका सकाळी एजेंचा फोन वाजला. हात कामात होते म्हणून त्यांनी तो मेजावर ठेवून मोठ्याने लावला. पलीकडे तुर्सुनाय होती, डोंगरापलीकडच्या छोट्या शहरातल्या रुग्णालयाची डॉक्टर. दोघी एका वर्गात शिकलेल्या.

"नुरिला, आधी वचन दे, ओरडणार नाहीस."

"म्हणजे ओरडण्यासारखं केलंयस."

"मी नाही. कालीपा नर्सनं. तुझ्या बाटल्या गोठल्या."

एजेंनी हातातली काच मेजावर ठेवली, या खेपेला आवाज आला. तेव्हा तुर्सुनायने घाईघाईने सगळं सांगितलं. तिच्याकडे झुरा आपा नावाची एक म्हातारी होती. आपा म्हणजे आई. त्या वयाच्या बाईला तिथे सगळेच आपा म्हणतात. लोकर दाबून केलेले नमदे शिवणारी बाई. आतड्यातली गाठ काढून वर्ष झालं होतं, आणि आता यकृतात तीन सावल्या दिसत होत्या. एकच गाठ असेल तर कापून काढता येईल. तिन्ही असतील तर चाकू लावण्यात अर्थ नाही. तिची मूत्रपिंडं थकलेली, म्हणून नेहमीचं औषध तिला चालणार नव्हतं. आमचंच हवं होतं. राजधानीतला शल्यविशारद गुरुवारी तिथे येणार होता, आणि पुन्हा वसंतातच.

"बाटल्या शीतपेटीत होत्या ना?" नुरिला एजेंनी विचारलं.

"होत्या. पण झुरा आपाच्या मुलानं, एसेननं, हिवाळ्याच्या बेगमीचा घोडा कापला. सगळ्या वॉर्डाला मांसाचा वाटा पाठवला. मोठा वाटा, नुरिला! आता पाहुणा म्हणून आलेला वाटा काय जमिनीवर ठेवायचा? कालीपानं तो शीतपेटीत ठेवला. आणि जागा करायला तुझी पेटी उचलून ठेवली खिडकीच्या दोन काचांच्या मधे."

"औषध बाहेर आणि घोडा आत!"

"तिचं म्हणणं, सगळ्यांचं लोणी हिवाळाभर तिथंच असतं, त्याला कधी काही झालं नाही."

"लोण्याला काय होणार, माझ्या आई!" नुरिला एजे शेवटी ओरडल्याच. "पाणी गोठलं की कण कोपऱ्यात रेटले जातात, अंगरखे फाटतात, सगळे एकमेकांना चिकटतात. आता कितीही ऊब दे, ते सुटायचे नाहीत."

"नाहीच सुटत. तळाला काळा गाळ बसलाय."

मित्रांनो, खोटं सांगत नाही. भाऊ वाया गेले हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याआधी क्षणभर मला त्यांचा हेवा वाटला. निदान ते एकमेकांना भेटले तरी.

"म्हातारीला इकडे घेऊन ये," नुरिला एजे म्हणाल्या.

"घाटात जीव सोडेल ती. नवा घाणा?"

"शिजवून तपासायला महिना जातो." मग एजे थांबल्या. कपाटाचं दार उघडलं. कित्येक महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला. "माझ्याकडे एक अर्धी बाटली आहे. नमुन्याची. म्हातारीचं वजन किती?"

"काय उरलंय तिचं वजन! अर्ध्या बाटलीला अर्धी बाई."

त्या दिवशी एजेंनी आमची पुरी तपासणी केली. एकही गोळा निघाला नाही. "शहाणे आहात," त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यातली तेवढीच शाबासकी.

बाटली लोकरी मोज्यात घालून त्यांनी ओरोझबेकच्या हाती दिली. तो घाटातून माणसं वाहणारा गाडीवाला होता, लाल गालांचा, बडबड्या.

"सदऱ्याच्या आत ठेव, छातीपाशी. गोठली तर तोंड दाखवू नकोस."

"एजे, माझ्या बायकोनंसुद्धा मला एवढी ऊब मागितली नाही कधी."

"तिला तुझा वास येत असेल. नीघ."

घाटात बर्फ वाहून आलेला होता. गाडी रुतली. ओरोझबेक फावडं घेऊन खाली उतरणार, तेवढ्यात त्याला मोज्याची आठवण झाली. घाम आला, वारा लागला तर छाती गार पडेल. गाडीत एक अक्सकाल बसले होते, म्हणजे पांढऱ्या दाढीचे म्हातारबाबा. त्यांनी हात पुढे केला. "आण इकडं. टोपीत ठेवतो."

"डोक्यावर, बाबा?"

"हो. नमद्याची टोपी आहे, ऊब धरते. आणि बायको म्हणते, आत जागा रिकामीच आहे."

गाडीतले सगळे हसले. मी त्या म्हाताऱ्याच्या टकलावर, टोपीच्या अंधारात बसलो होतो. बाहेर माणसं खोदत होती, शिव्या देत होती, एकमेकांना ढकलत गाडी रेटत होती. एकमेकांना खेटल्यावाचून त्यांचं कुठलंच काम होत नव्हतं. मला नवल वाटलं.

रुग्णालयात कालीपा नर्स दारातच उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने मोजा दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला. मग बाटली बाहेर निघाली आणि मला पहिल्यांदा झुरा आपा दिसली. खिडकीपाशी खाटेवर बसली होती, जुन्या दोरासारखी वाळलेली, पण बोटं मात्र जाड आणि राकट. एसेन तिच्या उशाशी होता. चाळिशीचा दांडगा माणूस, पण खिडकीतून बाहेर बघत बोलत होता.

"पित्ताचं आहे आपा. थंडी गेली की जाईल."

"जाईल की," आपा म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "माझ्या जावेला अगदी असंच झालं होतं. आता घोड्यावर बसते."

"बसू दे की," आपा म्हणाली.

जो येई तो तिच्याशी असंच गोड बोले आणि निघून जाई. तिथली ती रीतच आहे. आजाऱ्याला आजाराचं नाव सांगायचं नाही, सांगितलं तर माणूस खचतो म्हणतात. एसेनने साऱ्यांना तशी ताकीदच दिली होती. मी बाटलीतून बघत होतो. त्या सगळ्या गोड बोलण्याच्या मधोमध ती बसली होती, आणि तिच्यापर्यंत कोणीच पोचत नव्हतं. मला ती माझ्याच जातीची वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला तिच्या शिरेत सोडलं. हळूहळू, थेंबाथेंबाने. कालीपा तिची नाडी धरून बसली होती.

"पोरी, तुझ्याच हाताला घाम सुटलाय. सुई मला टोचलीय ना?" आपा म्हणाली.

"तुम्हाला थंडी वाजतेय का आपा? चक्कर?"

"मला काही होत नाही. तूच कुठं आडवी पडू नकोस."

आत गेलो, तर काय सांगू तुम्हाला! केवढी ती गर्दी. तांबड्या पेशी लोटामागून लोट धावत होत्या. त्यांच्या पोटातही लोखंडच होतं, माझ्या नात्यातलं. मी त्यांच्या अंगावरून गेलो, पण माझ्या अंगावर साखरेचा अंगरखा. कोणी ओळख दिली नाही. हृदयात शिरलो, फुप्फुसात फिरून आलो, पुन्हा हृदयात. प्रत्येकाला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. थांबून विचारणारं कोणी नव्हतं.

मग यकृत आलं. भाऊ पांगले. मला प्रवाहाने एका सावलीकडे ओढलं. डॉक्टरांना भीती होती त्या तीन सावल्यांपैकी ती एक. मी तयारीत होतो. इथे दार बंद असणार, मग मागे फिरायचं. पण दारात पहारेकरी उभा होता. त्याने मला न्याहाळलं आणि सरळ गिळून टाकलं.

म्हणजे ही सावली निर्दोष होती! हे गाठीचं ठिकाण नव्हतं. एवढ्या मोठ्या जगात हे त्या घडीला फक्त मला ठाऊक होतं. बाहेर एसेन जिन्यात तोंड लपवून बसला असेल, तुर्सुनाय यंत्राची बटणं तपासत असेल, आणि ज्या बाईचा जीव टांगणीला लागलाय ती माझ्या भोवतीच होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आम्हाला तोंड नसतं. कोणी चित्र काढलं, आणि त्या चित्रात कोणी नीट पाहिलं, तरच आमचं बोलणं ऐकू येतं. मी अंधारात बसून राहिलो.

दुपारी तिला यंत्रात घातलं. यंत्र लोहाराच्या घणासारखं ठणठणत होतं. त्या मोठ्या चुंबकाने हाक दिली, आणि अंगभर पांगलेल्या आम्हा सगळ्या भावांनी एकदम एकाच दिशेला तोंड केलं. एकमेकांना दिसत नव्हतो, तरी ते आम्हाला कळलं. तिला बाहेर काढलं आणि पुन्हा ज्याचं तोंड त्याच्याकडे.

तिची चाकांची ढकलखाट डॉक्टरांच्या खोलीबाहेर ठेवली होती. दार अर्धवट उघडं होतं. आत एसेन दबक्या आवाजात म्हणत होता, "जे असेल ते मला सांगा, डॉक्टर. तिला मात्र पित्तच म्हणा."

"एसेन!" झुरा आपाने हाक मारली. आवाज केवढा खणखणीत! तो दारात आला, पण तोंड भिंतीकडे.

"लहानपणी दूध सांडलंस की असाच पाठ करून बोलायचास. आजही तेच करतोयस."

"आपा, तू पडून राहा."

"पडूनच आहे. माझ्या पोटात काय आहे, ते माझ्याआधी साऱ्या वॉर्डाला कळलंय. ती पलीकडची बाई मला आपल्या वाट्याची साय देते. फुकट साय कोण देतं रे? आणि मी मेले तर पित्तानं मेली म्हणून पुरशील मला? वर गेल्यावर बापाला तुझ्या काय सांगू, कशानं आले ते?"

कालीपा ओंजळीआड हसली की रडली, कळलं नाही. तुर्सुनाय दारात उभी होती. तिने एसेनकडे पाहिलं. त्याला विचारल्यावाचून बोलणं रीतीत बसत नव्हतं.   एसेनने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि स्वतःच ढकलखाट आत नेली.

तुर्सुनायने पडदा आपाकडे फिरवला. "हे तुमचं यकृत, आपा. आम्ही सोडलेलं औषध जिथे पोचलं तिथे काळं झालंय. काळं ते चांगलं."

"काळं ते चांगलं? बरं झालं बाई, जगात एक तरी जागा अशी निघाली."

"इथे तीन सावल्या होत्या. ही काळी झाली. हीसुद्धा झाली. या दोघींत काही नाही."

मित्रांनो, त्यातल्या एकीत मी होतो. मी बोललो होतो, आणि कोणीतरी ऐकलं होतं.

आपा पुढे झुकली. आयुष्यभर नमद्यावर रंगीत नमदा बेतून शिवत आलेली बाई ती. जाड बोट तिने पडद्यावर टेकवलं. "आणि हा पांढरा ठिपका?"

तुर्सुनायने श्वास घेतला. "ती गाठ आहे. पहिल्या दुखण्याचीच. पण एकटी आहे, आणि कडेला आहे. गुरुवारी कापून काढता येईल. सोपं नाही. पण येईल."

आपाने त्या ठिपक्याभोवती बोट फिरवलं. "कडेचा तुकडा खराब निघाला तर मीसुद्धा कापूनच काढते," ती म्हणाली. "सगळा नमदा टाकून देत नाही कोणी." मग तिने मुलाचा कान धरला, हलकेच. "आता रड. इतके दिवस जिन्यात जाऊन रडत होतास. मी एकटी इथं, तू एकटा तिथं. इथं बसून रड."

तो दांडगा माणूस तिच्या मांडीत डोकं घालून रडला, आणि ती त्याच्या केसांतून ती राकट बोटं फिरवत राहिली.

शस्त्रक्रिया झाली. आपा जगली. कापलेल्या तुकड्याबरोबर माझे पुष्कळ भाऊ गेले. माझी जागा दुसरीकडे होती म्हणून मी राहिलो. घरी जाताना एसेनने सगळ्यांना मांस दिलं. शल्यविशारदाला, तुर्सुनायला, कालीपाला, ओरोझबेकला, टोपीवाल्या बाबांनाही शोधून काढून. आमची आठवण कोणाला झाली नाही. कशी होणार? आम्हाला कोणी पाहिलेलंच नव्हतं. रिकामी बाटली कचऱ्यात गेली. नमुन्याच्या कपाटातली ती जागा रिकामी राहिली असेल.

पहारेकऱ्याने माझा अंगरखा हळूहळू उसवला, मला विरघळवलं आणि शरीराच्या कामाला लावलं. आता मी झुरा आपाच्या रक्तात आहे, एका तांबड्या पेशीत श्वास वाहतो आहे. ही पेशी म्हातारी झाली की दुसरी. काम आहे, गर्दी आहे. बोलायला अजूनही कोणी नाही. मला त्याची सवय आहे. पण माणसाला तशी सवय लागू नये, असं मला वाटतं.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. औषध त्याच्या जागेवरून हलवू नका, पाहुणा कितीही मोठा असो. मुक्या वस्तूला थंडी वाजलेली सांगता येत नाही. आणि तुमच्या घरात कोणी आजारी पडलं, तर दारातून गोड बोलून परतू नका. खाटेच्या कडेवर बसा. त्याला काय काय कळलंय ते आधी विचारा. तो विचारेल, त्याचं खरं उत्तर द्या, हात हातात धरून द्या. दुखणं लपवलं, तर ते वाटून घेता येत नाही.